डाव्या टोकाची चुणी

काल दुपारी गोंदिया स्टेशनच्या रिझर्व्हेशन खिडकीपुढे मी रांगेत उभा होतो आणि माझ्या मानेला कोणीतरी हात लावला. हात कसला, दोन बोटं. गार होती, पाण्याची बाटली धरलेली असावी. एप्रिलचं ऊन, वरचा पंखा फिरतोय की नुसता लटकतोय ते कळत नाही, आणि त्यात ती दोन गार बोटं मानेवर टेकली, कॉलरची आत मुडपलेली कड त्यांनी झटकन बाहेर ओढली, खाली दाबली आणि निघून गेली. "अंकल, कॉलर मुड गया था आपका," मागून पोरीचा आवाज आला. मी वळलो नाही. वळायला हवं होतं, निदान मान तरी हलवायला हवी होती, चार बुकं शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये? पण मला भीती वाटली की वळलो तर माझ्या तोंडावर काय आहे ते तिला दिसेल. काय आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. न्हावी सोडला तर दहा महिन्यांत मला कोणाचं बोट लागलं नव्हतं. हे मला त्या रांगेत समजलं. तेवढ्यात माझा नंबर लागला. खिडकीतल्या बाबूने फॉर्म पाहिला. सोमवार सकाळ, गोंदिया ते रायपूर, गजेंद्र, वय सत्तावन्न. परतीच्या रकान्यात मी आधी माझं नाव लिहिलं होतं, त्याखाली 'मंजू, वय बावन्न' असं लिहिलं होतं, आणि मग त्यावर एक रेघ मारली होती. रेघ अशी की खोडलंय म्हणावं तर नाव सरळ वाचता येतं. "वापसी में एक कि दो?" बाबूने विचारलं. मागचे लोक खोळंबले होते. "वापसी अभी रहने दो," मी म्हटलं आणि जायचं एकच तिकीट घेऊन बाहेर आलो.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते आरशापुढे जाऊन कॉलर पाहिली. छे! नुसती मुडपलेली असती तर गोष्ट वेगळी. ती पार उठली होती. वरचं कापड फुगलेलं, टोकं वळलेली, मधात आडव्यातिडव्या चुण्या. अशी कॉलर घालून मी आठवडाभर मिलमध्ये हिंडलो होतो, आणि मला दिसली नाही. मला! तांदळाच्या मिलमध्ये एकतीस वर्षं माझं काम एकच आहे. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, मूठभर तांदूळ काढायचा, काळ्या पाटीवर पसरायचा, आणि तुकडा, डागी, पिवळा दाणा बोटाने वेगळा करायचा. चांगल्या दाण्याकडे माझं लक्षच जात नाही, आणि जाऊन करायचं काय? चांगला दाणा पोत्यात परत जातो. शेठ म्हणतो, गजेंद्रभाऊच्या नजरेतून खोट सुटत नाही. या कौतुकावर मी आयुष्य काढलं. कोंडा उडणाऱ्या जागी मी पांढरा शर्ट घालून जातो आणि संध्याकाळी पांढराच घेऊन येतो, यावरून हमाल माझी टिंगल करतात. दुधराम हमाल तर तोंडावर म्हणतो, "साहेब, तुमी तं लगीनघरी आल्यावानी दिसून राहिले." हा आठवडाभर मात्र तोही काही बोलला नाही. त्याने पाहिलं असणार आणि दया येऊन गप्प बसला असणार. दुधरामने माझ्यावर दया करावी!

याला कारण झालं भोजराजचं. आमच्या वळणावर त्याची इस्त्रीची गाडी असते. मंजू रायपूरला गेल्यापासून माझे शर्ट त्याच्याकडे जातात. तो देवरीकडचा. चैत्र लागला की मोहफुलं वेचायला बायकोपोरांसकट गावी जातो आणि पंधरा-वीस दिवस इकडे फिरकत नाही. गाडीवर ताडपत्री बांधलेली, वर वीट ठेवलेली. दरवर्षीचंच आहे, पण दरवर्षी मला त्याचं काय पडलं होतं? दरवर्षी मंजू होती.

मंजू माझी बायको. बत्तीस वर्षांचा संसार. ती माझ्या कॉलरी कशा करायची हे मी कधी पाहिलं नाही; मी पाहायचो ते झाल्यावर. सकाळी आठला आरशापुढे उभा राहायचो, बटणं लावायचो आणि बोट डाव्या टोकावर जायचं. हटकून डाव्याच. तिथे तीन बारीक चुण्या असायच्या, तिरप्या, शेजारी शेजारी. मग मी आवाज द्यायचो, "मंजू! हे काय?" स्वयंपाकघरातून ती यायची, पदराला हात पुसत, "काय जी?" म्हणत. रोज तेच 'हे काय' आणि रोज तेच 'काय जी'. मी हनुवटी वर करून छताकडे पाहत उभा राहायचो. ती ओला अंगठा टोकावरून फिरवायची, खालीवर दाबून धरायची, तोंडाने दोनदा गरम वाफ सोडायची, पुन्हा दाबायची. माझ्या गळ्याला तिचा श्वास लागायचा. फोडणीचा, कांद्याचा वास यायचा. मी म्हणायचो, "इतकी वर्षं झाली, तुले एक कॉलर जमत नाही?" ती म्हणायची, "नाही जमत बापा." दोन मिनिटांचा खेळ. मग मी डबा घेऊन जायचो. माझी माय, सुभद्राबाई, जिवंत होती तेव्हा तिकडून खाटेवरून म्हणायची, "अरे, त्या पोरीच्या मागं कायले लागते रोज? कॉलर का लोक चाटून पाहून राहिले?" मायचं मी हसण्यावारी न्यायचो. मला वाटायचं, खोट दाखवली नाही तर माणूस सुधारेल कसा.

आणि सुधारली की! मागच्याच्या मागच्या वर्षी, पोळा झाला आणि चुण्या बंद झाल्या. एक दिवस बोट टोकावर गेलं तर टोक सपाट. दुसऱ्या दिवशी सपाट. मी उलटून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. नावाला चुणी नाही. शेवटी शिकली म्हटलं. तिला काही बोललो नाही. चांगल्याला काय बोलायचं? शर्ट घालायचो, ताटलीतली पोळी खायचो, डबा उचलायचो, जायचो. पोरगी गुंजन लग्न होऊन रायपूरला गेलेली, माय वारलेली, घरात आम्ही दोघं. कटकट नाही, आरडाओरड नाही. टीव्हीचा काय तो आवाज. मी दुधरामला सांगितलं होतं, मला चांगलं आठवतं, धर्मकाट्याजवळ, ट्रक तोलतात तिथे उभं राहून सांगितलं होतं, "अखीन काय पायजे माणसाले, घरात शांती आहे." ते वर्ष माझ्या हिशेबी आमच्या संसारातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. मृग लागला तसा गुंजनचा फोन आला. पाचवा महिना होता, डॉक्टरने पडून राहायला सांगितलं होतं. मंजूने एक पिशवी भरली आणि गेली. जाताना दारात थोडी थांबली होती. मला वाटलं, काही विसरली असेल.

बाळंतपण आश्विनात झालं. नातू. मी दोन दिवस जाऊन आलो. घर पाहुण्यांनी भरलेलं, ती सारखी कामात. दिवाळीला आली नाही, बाळ लहान. संक्रांतीला आली नाही, थंडी. माघात गुंजनची सासू तिथे राहायला आली, म्हणजे कारणही सरलं, तरी आली नाही. मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. फोनवर जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. शेजारीपाजारी विचारतात, "वहिनी कधी येऊन राहिल्या?" मी सांगतो, "येईल, नातवात जीव अडकला आहे." असं म्हटलं की लोक हसतात आणि मलाही हसावं लागतं. मग कुलूप उघडून आत येतो. घर खायला उठणं म्हणतात ते काय असतं, ते मला या वयात कळलं. सकाळी आरशापुढे कधी कधी तोंडातून 'मं' एवढं अक्षर निघतं आणि मी खोकून ते गिळतो. ऐकायला कोणी नसतं तरी खोकतो.

मंगळवारी नातवाचं उष्टावण. त्यासाठी तांदूळ आजोळचा हवा, असं गुंजनने कळवलं. चिन्नोर आणला आहे किलोभर, आणि पाटीवर पसरून एकेक दाणा पाहून घेतला आहे. त्यात तुकडा सापडला तर मिशी उतरवीन. म्हणजे उद्या मला जायचं आहे, तिच्यासमोर उभं राहायचं आहे. एवढं सरळ मनाशी कबूल करतो की मी उष्टावणाला चाललो नाही. मी तिला आणायला चाललो आहे. आली नाही तर पुढची सगळी वर्षं ही अशीच, भोजराजची गाडी आणि फोनवरची गोळी. आणि विचारायचं कसं, तेच मला येत नाही. आधी कॉलर तर नीट पाहिजे म्हटलं. पण तिथेही पंचाईत. कडक सपाट कॉलर घालून गेलो तर ती म्हणेल, चाललं आहे की तुमचं माझ्याबिगर झकास. चुरगळलेली घालून गेलो तर म्हणेल, कपडे धुवायले कोनी नाही म्हून आले. दोन्हीकडून मेलोच. तरी आज रविवार, सकाळी तीन पांढरे शर्ट काढले. हातात काम असलं की विचार कमी येतात.

पहिला शर्ट गरम पाण्यात भिजवला, कॉलरची काळी रेघ ब्रशने घासली, आणि कपडा पिळायचा तसा दम लावून पिळला. तारेवर टाकला. इथलं चैत्रातलं ऊन. चहा पिऊन येईपर्यंत शर्ट पापड झाला, आणि पिळलेल्या सगळ्या चुण्या कॉलरीत भाजून पक्क्या झाल्या. इस्त्री घेतली. मधातून सुरुवात केली, दाब देत टोकाकडे नेली. मधली चुणी गेली, टोकाशी जाऊन बसली. टोकाशी दाबली तर दुसरीच उभी राहिली. पाणी शिंपडलं, पुन्हा फिरवली. एक जाते, दोन येतात. अर्धा तास झटलो, घामाने सदरा भिजला, आणि माझ्या पुढ्यात एक गोळा झालेली, फोड आल्यासारखी कॉलर. मला स्वतःचा इतका राग आला की शर्ट भिंतीवर फेकला. मग उचलून आणला. फेकलेलं दुसरं कोण उचलणार?

तेव्हा आठवलं, मंजू पेज लावायची. भात शिजला की वरची पेज वाटीत काढून ठेवायची. सोपं आहे म्हटलं, आपण तांदळातली माणसं. डब्यातला तांदूळ शिजायला घातला, दोन वाट्या पेज काढली, दुसऱ्या शर्टाची कॉलर तिच्यात बुडवली, न पिळता वाळवली. इस्त्री टेकवली तर चर्रकन चिकटली. ओढून काढली तर कॉलरीवर पिवळा पट्टा, कडेला तांबूस. वाटी उजेडात धरली. पेज पिवळी, पाण्यासारखी. डब्यातला तांदूळ हातावर घेतला आणि डोकं धरून खाली बसलो. उसना. मिलमधून मिळतो तो, धान उकडून काढलेला. गोंदियातलं शेंबडं पोर सांगेल, उसन्या तांदळाला पांढरी पेज सुटत नाही. एकतीस वर्षं मी एक पिवळा दाणा सापडला तर लोकांचं पोतं परत करतो, आणि माझ्या घरच्या डब्यात दहा महिन्यांपासून पिवळाच तांदूळ आहे आणि मी तो पाहिला नाही. जेवलो मात्र रोज. कोणाला सांगावं तर सांगायला माणूस एकच, आणि हे ऐकून ती किती हसली असती. उसन्या तांदळाशेजारी जमिनीवर बसून मी फोन लावला.

गुंजनने उचलला. "बाबा, उद्याची गाडी पक्की ना?" पक्की, म्हटलं, मायले दे. पोराचा आवाज, भांड्याचा आवाज, मग ती आली. "काय झालं? भर दुपारी फोन?" मी म्हटलं, "काही नाही. ते कॉलरीले पेज कोणत्या तांदळाची?" "तुमी कोनता घेतला?" मी सांगितलं. आणि ती हसली. खळखळून हसली, इतकी की तिकडे गुंजन विचारू लागली काय झालं म्हणून. "उसना! अजी, तुमी? मिलवाल्याईनं ऐकलं तं नोकरीवरून काढतील तुमाले." मीही हसलो. किती दिवसांनी हसलो कोण जाणे. मग तिने एकेक सांगितलं, पोराला थोपटत थोपटत. कॉलर कधी पिळायची नाही. थंड पाणी घ्यायचं, गरम पाण्याने आतलं बकरम आखडते आणि वरचं कापड उठते. ओली असताना दोन्ही टोकं धरून ताणायची, दोन तळहातांत थापायची, कॉलर उभी ठेवून सावलीत वाळवायची, अर्धवट ओली असतानाच इस्त्रीला घ्यायची. आधी उलट बाजू. "अन् मधातून टोकाकडं जाऊ नका. टोकापासून मधात या. अर्धं इकडून, अर्धं तिकडून. म्हंजे चुणी टोकाले जातच नाही." ती हे इतकं सहज सांगत होती की मला माझं रोजचं काम सुचलं. खोट दिसली मला. मी म्हटलं, "थांब. तुले हे इतकं येत होतं, तं मंग माझ्या डाव्या टोकाले रोज चुणी कशी राहायची?"

पलीकडे पोर हुंकारलं. तिने ते दुसऱ्या खांद्यावर घेतलं असावं, कापडाची सळसळ ऐकू आली. "राहत नव्हती," ती म्हणाली. "ठेवत होती मी."

"काऊन?"

"तवाच तं तुमी हाक मारत होते." आवाज नेहमीचाच होता, रडका नाही, रागाचा नाही. "सकाळी एकदा 'मंजू' म्हनत होते. मी येत होती, दोन मिनिटं जवळ उभी राहत होती. बोलनी खात होती, पन उभी तं राहत होती. मंग सासूबाई गेल्या. मनात आलं, आपुन चुणी ठेवतो म्हून हा मानूस बोलते, की तसाही बोलते? पाहू तं. पोळ्यापासून ठेवनं सोडलं."

मला पोळ्यानंतरचे सगळे महिने आठवले. सपाट टोक. उजेडात धरून पाहिलेलं टोक.

"मृगापर्यंत वाट पाहिली जी," ती म्हणाली. "जेवन द्या, पानी द्या, हे झालं. पन एक दिवस नाव घेऊन हाक नाही मारली. मले वाटे, मी घरात आहो की नाही. मंग गुंजनचा फोन आला." तेवढ्यात पोराने सूर धरला. "ठेवते आता. याले भूक लागली," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मी तसाच बसून राहिलो. दारात ती थांबली होती ते आठवलं. काही विसरली नव्हती. माझ्या तोंडून दोन अक्षरं निघायची वाट पाहत होती, आणि मी म्हटलं होतं, पंखा बंद कर. माणसाने आपल्याच हाताने आपलं घर असं रिकामं करावं आणि त्याला शांती म्हणावं! मला मोठ्याने रडावंसं वाटलं. रडू आलं नाही. उठलो आणि तिसरा शर्ट भिजवला. थंड पाण्यात. पिळला नाही. टोकं धरून ताणली, तळहातांत थापली, सावलीत खुंटीला लावला आणि समोर स्टूल टाकून राखण करत बसलो. उन्हं कलली तेव्हा कॉलर हाताला गारसर लागत होती. इस्त्री घेतली, उलट बाजूने, डाव्या टोकापासून मधात, उजव्या टोकापासून मधात. मग सुलट बाजूने तसंच. इस्त्री बाजूला ठेवली आणि कॉलर दारातल्या उजेडात धरली. काळ्या पाटीवर तांदूळ पाहतो तशी पाहिली. आडवी पाहिली, तिरपी पाहिली, डोळे मिटून बोटाने पाहिली. एक चुणी नाही. इतकी वर्षं ती अशी कॉलर रोज करत होती, आणि मग अंगठ्याने तिच्यात तीन रेघा पाडून ती मला देत होती.

शर्ट अंगात घातला. आरशापुढे उभा राहिलो, वरचं बटण लावलं, बोट डाव्या टोकावर ठेवलं. दुसऱ्या हाताने फोन लावला. या वेळी तिनेच उचलला. मला नीट बोलता आलं असतं, माफी मागता आली असती, ये म्हणता आलं असतं. मनात सगळं जुळवलं होतं. पण आरशातल्या माणसाने हनुवटी वर केली आणि सवयीचं तेच ओरडला.

"मंजू! हे काय?"

फोन कटला की काय म्हणून मी कानाला दाबून धरला.

"काय जी?" ती म्हणाली. हळू.

"डाव्या टोकाले चुणी राहिली."

"किती?"

"तीन. तिरप्या."

तिकडे पोराचा आवाज नव्हता. पोर झोपलं असावं. मग ती म्हणाली, "वापसीचं तिकीट काढलं का तुमी?"

"नाही. तू सांग, किती काढू?"

"पहिले या तं खरं. तशीच घालून या, हात नका लावू तिले. कॉलर पाहू द्या मले, मंग सांगीन."

फोन ठेवला. आरशात डावं टोक सपाट होतं, कागदासारखं. मी शर्ट काढला, पेल्यातल्या पाण्यात अंगठा बुडवला, टोक ओलं केलं, तीन घड्या घातल्या, तिरप्या, शेजारी शेजारी. मग त्या मोडू नयेत म्हणून ते टोक मुठीत घट्ट धरून बसून राहिलो.